मिठाचा कोअर वितळत नाही, मोडतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. ८०० टनांच्या कोल्ड चेंबर मशीनवर, म्हणजे वितळलेला धातू जोराने डायमध्ये (पोलादी साच्यात) मारणाऱ्या हायप्रेशर डायकास्टिंग मशीनवर, एडीसी१२ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत मोटरचं हाउसिंग काढायचं आहे. भिंतीच्या आतून पाणी फिरवायला वळणदार पॅसेज हवा आहे आणि तो स्लाइडने, म्हणजे डायच्या सरकत्या पोलादी भागाने, निघणारा नाही. पिस्टन बनवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून तुम्ही दाबून भाजलेल्या मिठाचे कोअर (आतली पोकळी घडवणारे, नंतर पाण्यात विरघळवून काढायचे गाभे) आणले आणि पाच शॉट मारले, म्हणजे पाच वेळा धातू भरला. पाचही वेळा पॅसेज अर्धाअधिक बुजला आणि ओव्हरफ्लोमध्ये (जादा धातू जिथे जातो त्या कप्प्यात) पांढरे कण सापडले. त्यावरून मीठ वितळलं असं तुम्ही धरलं आणि विचारलंत, की याहून जास्त तापमानाला टिकणारं मीठ कोणतं?

माझं म्हणणं असं की मीठ वितळलेलं नाही, मोडलं आहे. हा फरक आधी पक्का करून घ्या, कारण मोडण्यावर तापमानाचा उपाय केलात तर आणखी पन्नास शॉट वाया जातील.

खात्री तुमच्याच शॉपमध्ये होईल. पाचांपैकी एक कास्टिंग पॅसेजच्या दिशेने करवतीवर उभं कापा. कापताना कूलंट बंद ठेवा, नाहीतर पुरावाच विरघळून जाईल. मग आत उरलेल्या मिठाच्या तुकड्यांच्या कडा भिंगाखाली पाहा. मीठ वितळलं असेल तर कडा गोल, चकचकीत दिसतील, मेणबत्तीच्या ओघळासारख्या. मोडलं असेल तर कडा धारदार असतील आणि दोन तुकड्यांच्या मधे ॲल्युमिनियमचा कागदासारखा पातळ पापुद्रा उभा दिसेल. कोअरला तडा गेला त्याच क्षणी धातू फटीत घुसून तिथेच गोठला, त्याचा तो पापुद्रा. हायप्रेशरमध्ये गेलेले मिठाचे कोअर मी बरेच कापून पाहिले आहेत. वितळून गेलेला एकही आठवत नाही, पापुद्रे मात्र ढिगाने पाहिले.

तापमानाचा हिशोबही हेच सांगतो. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं. तुमची होल्डिंग भट्टी ६६० ते ६८० वर असेल. स्लीव्हमधून (धातू ढकलणाऱ्या नळकांड्यातून) गेटपर्यंत, म्हणजे डायमध्ये शिरण्याच्या अरुंद तोंडापर्यंत, येताना धातू आणखी निवतो आणि डायमध्ये काही सेकंदांतच गोठतो. वितळायला मिठाला ना तेवढं तापमान मिळत, ना तेवढा वेळ.

मग पिस्टनमध्ये तोच कोअर का टिकतो? डिझेल इंजिनाच्या पिस्टनच्या डोक्यात, रिंगच्या खाचांच्या मागे, तेल फिरण्यासाठी एक गोल पोकळी असते. तिला कूलिंग गॅलरी म्हणतात. ॲल्युमिनियमच्या पिस्टनमध्ये ती बहुतेक वेळा मिठाच्या कडीने काढतात. पण तिथे धातू ग्रॅव्हिटीने, डावाने किंवा रोबोटने सावकाश ओतला जातो. कडीवर दाब येतो तो फक्त वरच्या धातूच्या उंचीचा. २०० मिमी उंचीच्या ॲल्युमिनियमचा दाब जेमतेम ०.००५ मेगापास्कल भरतो. तुमच्या मशीनवर गेटमधून धातू ३० ते ६० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटतो. ४० मीटर धरा. वेगाचा वर्ग, गुणिले घनता, भागिले दोन, असा हिशोब केला (वितळलेल्या ॲल्युमिनियमची घनता सुमारे २४०० किलो प्रति घनमीटर) की समोरून बसणारा मार १.९ मेगापास्कल येतो. शॉपच्या भाषेत दर चौरस सेंटीमीटरला जवळपास १९ किलो. पिस्टनमधल्या कडीपेक्षा चारशे पट.

आता कोअर त्या माराखाली कसा वागतो ते पाहू. तुम्ही पाठवलेल्या स्केचमध्ये कोअरची जाडी १० मिमी आणि रुंदी १० मिमी आहे, दोन प्रिंटमधलं (कोअर डायमध्ये टेकतो त्या आधारांमधलं) अंतर साधारण १०० मिमी. दोन्ही टोकांना टेकवलेल्या तुळईसारखा तो धरा. १.९ मेगापास्कल दाब एका बाजूने पूर्ण लांबीवर बसला तर मधोमध वाकण्याचा ताण १४४ मेगापास्कल येतो. दाबून भाजलेल्या साध्या मिठाची वाकण्याची ताकद एक आकडीच असते, फार तर १० च्या आसपास. चांगलं ओतलेलं मिश्र मीठ २० ते ३० देतं. १४४ पुढे कुठलंच मीठ उभं राहणार नाही, मग त्याचा वितळणबिंदू काहीही असो.

या हिशोबात दोन आकडे तुमच्या हातात आहेत आणि दोन्ही वर्गाने काम करतात. गेटचा वेग ४० वरून १५ मीटरवर आणला की मार १.९ वरून ०.२७ वर उतरतो आणि कोअरमधला ताण २० मेगापास्कलवर येतो. आता आधारांमधलं अंतरही १०० वरून ४० मिमीवर आणा. ताण ३.२ मेगापास्कल उरतो, आणि पिस्टनवाल्याचा साधा कोअरसुद्धा त्यात तगू शकतो. हा हिशोब ढोबळ आहे. धातूचा झोत कोअरवर सरळ बसत नाही, काही वेळा तो तुषार होऊन येतो आणि कोअरभोवती वळसाही घेतो. पण कुठे हात घालायचा हे त्यातून स्वच्छ कळतं. आधी आधार, मग गेट, मिठाची जात त्यानंतर.

आधार वाढवायचा म्हणजे कोअरला जादा प्रिंट द्यायचे. त्यासाठी हाउसिंगच्या बाहेरच्या भिंतीला खिडक्या पडतील आणि नंतर त्या प्लगने बुजवाव्या लागतील. प्रत्येक खिडकी म्हणजे गळतीची एक जादा जागा, तिचं मशीनिंग, ओ-रिंग, लीक टेस्ट. हाउसिंगच्या डिझायनरला हे आवडणार नाही. तरी त्याच्याशी हे बोलणं डाय कापायच्या आधी करा, नंतर नको. काही जण सँड कास्टिंगसारखे ॲल्युमिनियमचे चॅपलेट, म्हणजे कास्टिंगमध्येच राहून जाणारे छोटे टेकू, लावायचं सुचवतात. मी ते करत नाही. डायकास्टिंगमध्ये धातू इतक्या लवकर गोठतो की चॅपलेटची कातडी वितळून एकजीव होत नाही, आणि त्या गोल सांध्यातून पाणी झिरपतं. प्रेशर टेस्टला एखादं कास्टिंग पास होईल. गाडीत गरम-थंड होत राहिल्यावर तेच गळू लागेल.

गेटबाबत पहिली गोष्ट: कोअरच्या समोर गेट नको. धातू कोअरला समांतर आत जावा किंवा आधी डायच्या भिंतीवर आपटून मग कोअरकडे वळावा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि बहुतेकांच्या नजरेतून हीच सुटते. कोअरच्या दोन्ही अंगांना धातू एकाच वेळी चढला पाहिजे. शॉटच्या शेवटी इंटेन्सिफिकेशनचा, म्हणजे भरलेला धातू घट्ट दाबण्याचा, ६००-८०० बार दाब येतो तेव्हा लोक घाबरतात. पण कोअर चारी बाजूंनी धातूने वेढलेला असेल तर तो दाब सगळीकडून सारखा येतो, आणि सारख्या दाबात घट्ट मीठ मोडत नाही. एका बाजूला धातू आणि दुसऱ्या बाजूला अजून हवा, असं असताना दाब आला की कोअर कडकन जातो. म्हणून फ्लो सिम्युलेशन करून घ्याल तेव्हा डाय कितव्या मिलिसेकंदाला भरली एवढंच पाहू नका. कोअरच्या दोन बाजूंमधला फरक कुठल्या क्षणी सर्वात जास्त आहे, ते चित्र मागा.

वेग कमी करण्याची किंमत आहे, ती आधीच सांगतो. तेवढाच धातू तेवढ्याच वेळात आत जायचा तर वेग ४० चा १५ केल्यावर गेटचं क्षेत्रफळ २.७ पट लागतं. २ मिमीचं गेट ५ मिमीच्या वर जातं. मग ते ट्रिम डायखाली (जादा धातू छाटणाऱ्या साच्याखाली) सहज तुटत नाही, करवत लावावी लागते. भिंती अडीच मिमीच्या असतील तर कोल्ड शटही येतील, म्हणजे निवलेल्या धातूचे न जुळलेले सांधे. भिंत ४ मिमीच्या आसपास न्यावी लागेल आणि डाय जास्त तापती ठेवावी लागेल. हे मान्य नसेल तर मिठाचा कोअर तुमच्या कामाचा नाही, हे आजच कळलेलं बरं. स्क्वीझ कास्टिंगचं मशीन हाताशी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गेट जाड, भरणं संथ आणि दाब नंतर येतो. मिठाच्या कोअरला ते घर मानवतं.

या सगळ्या खटाटोपाचं कारण जुनं आहे. डायकास्ट इंजिन ब्लॉक निघू लागले तेव्हा त्यातली वॉटर जॅकेट वरून उघडी ठेवावी लागली, कारण पोलादी कोअर वरूनच खेचून काढता येत होता. १९७१ च्या शेव्हरोले व्हेगा गाडीचा ॲल्युमिनियम ब्लॉक असाच उघड्या डेकचा (वरचं पृष्ठ उघडं असलेला) होता. बंद डेकचा ब्लॉक हायप्रेशरने काढायचा तर आत विरघळणारं काहीतरी हवं, आणि ते माराला टिकायलाही हवं. जपानमध्ये तोहोकु विद्यापीठ आणि यामाहा मोटर यांच्या संशोधकांनी क्लोराइड आणि कार्बोनेट मिठांची मिश्रणं ओतून, त्यांच्या पट्ट्या वाकवून, ताकद मोजली. त्यांच्या कामातून जे पुढे आलं ते माझ्याही अनुभवाला जुळतं. एकट्या मिठापेक्षा दोन मिठांचं मिश्रण बरंच दणकट निघतं.

कारण समजायला खलबत्ता पुरे. खडेमिठाचा मोठा खडा हलक्या हाताने ठेचा. तो चौकोनी, गुळगुळीत पृष्ठांवर फुटतो, कारण मिठाच्या स्फटिकात तडा सरळ जायला वाटच आखलेली असते. एकटं मीठ वितळवून ओतलं तर असेच मोठाले स्फटिक बाहेरून आत वाढतात आणि एक तडा आरपार जातो. मिठात सोडा ॲश, म्हणजे निर्जल सोडियम कार्बोनेट, मिसळून ओतलं तर दोन्ही एकमेकांत बारीक गुंफून गोठतात आणि तड्याला पावलोपावली वळावं लागतं. या जोडीचं सर्वात कमी वितळणारं मिश्रण ६३० अंशांच्या थोडं वर वितळतं, म्हणून ओतायलाही ते सोपं. पण नेमक्या त्याच मिश्रणावर थांबू नका. त्यातला एक घटक थोडा वाढवला की गोठण्याची सुरुवात वरच्या तापमानाला होते आणि कोअरला गरम धातूपुढे थोडी गुंजाइश मिळते. यात ॲल्युमिना किंवा मुलाइट या सिरॅमिकची बारीक पूड घातली तर ताकद आणखी वाढते, पण ती पूड पाण्यात विरघळत नाही. शेवटी ती पॅसेजमधून धुवून काढावी लागते. तुमच्या पॅसेजला वळणं आहेत, म्हणून मी पूड टाळली असती.

कोअर बनवण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली पिस्टनवाल्यांची. मिठाचे कण प्रेसमध्ये जबर दाबाने दाबायचे आणि मग वितळणबिंदूच्या खाली भाजायचे. मिठाचे कण दाबाखाली थोडे पसरतात आणि एकमेकांना चिकटतात, म्हणून बाइंडर लागत नाही. बाइंडर नाही म्हणजे गॅस नाही, हा रेझिनच्या वाळूपुढे मोठा फायदा. पण प्रेसने कडी, चकती, सरळ दांडी असेच आकार निघतात. तुमचं वळणदार सर्पिल एका तुकड्यात नाही निघायचं. शिवाय दाबलेल्या कोअरमध्ये बारीक उघडी छिद्रं राहतात, आणि ८०० बारला धातू त्यांत शिरतो. मग पॅसेजची आतली भिंत पॉलिश पेपरसारखी खरखरीत निघते.

दुसरी वाट म्हणजे मीठ वितळवून डायमध्ये ओतणं, शक्यतो दाबाखाली. यातली खरी अडचण आकसण्याची आहे. ॲल्युमिनियम गोठताना ६-७ टक्के आकसतो, तर साधं मीठ जवळपास २० टक्के. फीडिंग न देता, म्हणजे आकसण्याची जागा भरायला जादा वितळलेलं मीठ न पुरवता, ओतलेला कोअर बाहेरून संगमरवरासारखा देखणा दिसतो आणि आत पोकळ असतो. आमच्याकडच्या पहिल्या कोअरांचं असंच झालं. कोअर दिसायला इतके सुंदर होते, की कापून बघायचं कोणाच्या मनात आलं नाही. शॉट मारल्यावर ते अंड्याच्या कवचासारखे चिरडले. तेव्हापासून प्रत्येक बॅचमधला प्रत्येक कोअर वजन करून घेतला जातो. आकार तोच आणि वजन कमी, म्हणजे आत पोकळी. दोन ग्रॅम अचूकतेचा काटा एवढं काम करतो, एक्स-रेची गरज रोज पडत नाही.

कोअरची डाय २०० ते ३०० अंशांवर ठेवा. थंड डायमध्ये मिठाची साल आधी गोठून ओढली जाते आणि कोपऱ्यांत तडे पडतात. कोपऱ्यांना त्रिज्या सढळ द्या. मीठ डायमधून लवकर काढा, कारण निवताना ते पोलादापेक्षा खूप जास्त आकसतं आणि डायमधल्या पिनांना आवळून स्वतःच फुटतं.

सुरक्षेचं इथेच सांगतो. वितळलेल्या मिठात ओला डाव किंवा ओलं मीठ गेलं की स्फोटासारखं उडतं. प्रत्येक चार्ज आधी ओव्हनमध्ये कोरडा करा. स्वस्त आणि लवकर वितळतं म्हणून कोणी नायट्रेटची मिठं सुचवली तर ऐकू नका. सोरा, चिली सॉल्ट या जातीची मिठं वितळलेल्या ॲल्युमिनियमशी गाठ पडली तर जीव घेऊ शकतात. क्लोराइडला घाबरायचं कारण नाही. भट्टीवर टाकतो तो कव्हर फ्लक्स बहुतेक वेळा सोडियम आणि पोटॅशियम क्लोराइडचाच असतो. म्हणजे ॲल्युमिनियम आणि मीठ यांची ओळख तुमच्या शॉपमध्ये आधीपासूनच आहे.

ताकद मोजायला प्रयोगशाळा नको. २० बाय २० मिमीच्या पट्ट्या ओता, १०० मिमी अंतरावरच्या दोन रोलरवर ठेवा आणि मधोमध हुकाने वजन वाढवत न्या. पट्टी १०९ किलोला तुटली तर ताकद २० मेगापास्कल, २७ किलोला तुटली तर ५. निदान वीस पट्ट्या तोडा आणि सरासरीकडे पाहू नका. ठिसूळ मालात कोअर सर्वात कमकुवत पट्टीसारखा वागतो. माझा नियम असा: वीसातल्या सर्वात हलक्या पट्टीची ताकद वरच्या हिशोबातल्या ताणाच्या दुप्पट हवी. तुटलेली प्रत्येक पट्टी उचलून तुटलेला भाग पाहा. मधोमध काळपट पोकळी दिसली तर दोष ओतण्यात आहे, मिश्रणात नाही.

आता ओलावा. मोडण्याखालोखाल कोअर बिघडतो तो यानेच, आणि आपल्याकडे चार महिने पावसाळा असल्याने याला फार जपावं लागतं. शुद्ध सोडियम क्लोराइड साधारण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून ओलं होऊ लागतं. जुलैत चाकण काय, कोल्हापूर काय, शेडमध्ये रात्री आर्द्रता त्याच्या वरच असते. मिठागरातलं खडेमीठ तर बरणीतसुद्धा पाझरतं, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते बऱ्याच कमी आर्द्रतेलाही पाणी ओढतं. म्हणून कोअरसाठी खडेमीठ नको आणि किराणा दुकानातलं आयोडीनचं मीठही नको. औद्योगिक व्हॅक्यूम सॉल्ट घ्या. पोटॅशियम कार्बोनेट मिश्रणात असेल तर आणखी जपा. ४३ टक्क्यांच्या आसपासच त्याला पाणी सुटतं.

एका शॉपमध्ये मी प्रोसेसला होतो तेव्हाची गोष्ट. मे महिन्यात ट्रायल उत्तम गेल्या, ग्राहकाने पार्ट पास केला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात अचानक ब्लोहोल (गॅसने पडणारी छिद्रं) वाढले, तेही फक्त पहिल्या पाळीच्या पहिल्या तासात. धातूचा गॅस तपासला, व्हॅक्यूम तपासला, स्लीव्हचं ल्युब्रिकंट बदललं. शेवटी एका पहाटे साडेपाचला मी कोअरच्या क्रेटपाशी जाऊन उभा राहिलो. वरचे कोअर हाताला थंड आणि किंचित चिकट लागत होते, टॉर्चच्या उजेडात त्यांना तुपाच्या हातासारखी चकाकी होती. रात्रपाळी बंद, ओव्हन बंद, क्रेट उघडं. ते कोअर तसेच डायमध्ये जात होते. त्या दिवसापासून कोअर ओव्हनमधून थेट रोबोटच्या हातात जाऊ लागला. उरलेले कोअर झाकण आणि सिलिका जेल असलेल्या डब्यात ठेवू लागलो. ब्लोहोल त्याच आठवड्यात थांबले.

ओव्हन तसाही लागतोच. कोअर २०० ते २५० अंशांवर तापवून डायमध्ये ठेवा. थंड कोअरला ६५० अंशांचा धातू लागला की वरची साल एकदम फुगते, आतला भाग थंडच राहतो आणि ओढला जाऊन तडकतो. तापाने मीठ ॲल्युमिनियमच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून हा धोका खरा आहे. याच गुणाचा एक फायदाही आहे. गोठल्यानंतर निवताना कोअर कास्टिंगपेक्षा जास्त आकसतो आणि कास्टिंगला आतून ताणत नाही. पोलादी कोअरने येणारे हॉट टिअर, म्हणजे गरम धातूत पडणारे तडे, इथे येत नाहीत.

स्प्रेचा क्रम बदलावा लागेल. डाय स्प्रे पाण्यात मिसळलेला असतो. आधी स्प्रे, मग हवेने पूर्ण कोरडं, मगच कोअर. प्रिंटच्या खाचेत साचलेलं पाण्याचं एक थेंबभर डबकं कोअरची ठेप खाऊन टाकतं, आणि पुढच्या शॉटला कोअर अर्धा मिमी सरकतो. ऑपरेटरला हे नुसतं सांगू नका. एक कोअर ओल्या खाचेत मिनिटभर ठेवून बाहेर काढा आणि त्याचं झिजलेलं टोक त्याच्या हातात द्या. प्रिंटची फट किती ठेवायची याचं एकच उत्तर नाही. घट्ट ठेवली तर डाय बंद होताना कोअरचं टोक चुरडतं, सैल ठेवली तर धातू फटीतून मागे जातो. एका बाजूला स्प्रिंगवरची पिन देऊन कोअर हलका दाबून धरायचा, हा मला सर्वात भरवशाचा मार्ग वाटतो. टेपर आणि फटीचे आकडे पहिल्या वीस शॉटमध्ये तुमची डायच सांगेल.

विरघळवण्याचं काम लोक सोपं समजतात. उघड्या कपात मीठ झटक्यात विरघळतं हे खरं, पण तुमचा पॅसेज लांब, अरुंद आणि फक्त दोन टोकांना उघडा आहे. मिठाच्या तोंडाशी पाणी लगेच संपृक्त होतं आणि मग काहीच घडत नाही. खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असतं, संपृक्त झालं की घनता १.२ होते. याचा उपयोग करा. कास्टिंग टाकीत तोंडं खाली करून टांगा. जड खारं पाणी आपोआप खाली गळतं आणि ताजं पाणी वर चढतं. तोंडं वर ठेवलीत तर तेच खारं पाणी पॅसेजमध्ये बसून राहतं आणि रात्रभरात बोटभरसुद्धा प्रगती होत नाही. याच्या जोडीला बारीक नळीने आत पाण्याचा झोत द्या आणि मीठ मागे सरकेल तशी नळी पुढे सारा. गरम पाण्याने साध्या मिठाची विरघळण्याची क्षमता फारशी वाढत नाही. १०० मिली पाण्यात २० अंशांना ३६ ग्रॅम, उकळत्या पाण्यात ३९. वेग मात्र वाढतो. सोडा ॲश असेल तर कोमट पाणी हवंच, ५०-६० अंशांचं. ३२ अंशांच्या खाली सोडा ॲश पाणी धरून मोठे स्फटिक बांधते आणि पॅसेजमध्येच बूच बसतं. डिसेंबरच्या सकाळी टाकीतलं पाणी किती थंड असतं ते लक्षात घ्या.

सोडा ॲशचं पाणी अल्कली असतं आणि ॲल्युमिनियमला खातं, कास्टिंग काळं पडतं. क्लोराइड मागे राहिलं तर पुढे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि कूलंटच्या पॅसेजमध्ये ते परवडणारं नाही. म्हणून विरघळवणं, साध्या पाण्याने धुणं, डीएम पाण्याने (क्षार काढलेल्या पाण्याने) शेवटचं खंगाळणं आणि लगेच वाळवणं, हे सगळं एकाच दिवसात उरका. तपासणी सोपी आहे. शेवटच्या खंगाळलेल्या डीएम पाण्याचा थोडा नमुना परीक्षानळीत घ्या, त्यात थोडं पातळ नायट्रिक ॲसिड आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. पाणी दुधाळ झालं तर मीठ अजून आत आहे. नितळ राहिलं तर पार्ट पुढे जाऊ द्या. रोजच्या कामाला कंडक्टिव्हिटी मीटर पुरतो, पण बॅचमधल्या एका पार्टवर सिल्व्हर नायट्रेट लावायची सवय मी सोडलेली नाही.

रिजेक्शनबद्दल एक कडक सूचना. आत मीठ असलेलं कास्टिंग रिटर्न म्हणून, म्हणजे पुन्हा वितळवायचा माल म्हणून, भट्टीत टाकू नका. मीठ बाहेर दिवसभर पडून ओलावा धरतं, आणि धातूच्या आत कोंडलेला ओलावा ६८० अंशांच्या भट्टीत गेला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आधी विरघळवा, वाळवा, मगच रिटर्नच्या डब्यात. या कामासाठी वेगळ्या रंगाचा डबा ठेवा.

खारं पाणी नाल्यात सोडता येणार नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा असते आणि हे पाणी तिच्या कितीतरी पुढे असतं. म्हणजे बाष्पीभवन. एक किलो मीठ विरघळवून २० टक्क्यांचं द्रावण केलंत तर त्यात चार लिटर पाणी असेल, आणि ते उडवायला निदान अडीच युनिट वीज किंवा तेवढी उष्णता लागेल. पाच टक्क्यांचं पातळ द्रावण केलंत तर १९ लिटर पाणी आणि बारा युनिट. म्हणून पहिल्या टाकीतलं पाणी घट्ट होईपर्यंत पुन्हा पुन्हा वापरा, ताजं पाणी फक्त शेवटच्या धुण्याला. होल्डिंग भट्टीच्या धुराड्यातली उष्णता बाष्पीभवनाला वळवता आली तर हिशोब बराच सुधारतो. परत मिळालेलं मीठ पुन्हा कोअरला चालतं, फक्त गाळून आणि नीट वाळवून घ्या. टाकी आणि बाष्पीभवनाची जागा कास्टिंग मशीनपासून लांब ठेवा. वाफेबरोबर उडणारे खारे तुषार लिमिट स्विच, पॅनल आणि पोलादी डाय यांना गंजवतात.

तुमच्या हाउसिंगपुरतं मी आधी दोन पर्याय पुन्हा तपासले असते. पॅसेजचा आडवा छेद गोल चालत असेल तर स्टेनलेसची वाकवलेली नळी आत ओतून टाका. ती माराला सहज टिकते आणि विरघळवण्याचा प्रश्नच येत नाही. नळी आणि ॲल्युमिनियम यांच्यात बारीक फट राहते, उष्णता तिथे थोडी अडते, तेवढं मोजून घ्या. दुसरा पर्याय म्हणजे हाउसिंग दोन भागांत काढून फ्रिक्शन स्टर वेल्डिंगने (फिरत्या हत्याराच्या घर्षणाने, धातू न वितळवता केलेल्या जोडाने) जोडणं. पार्ट महिन्याला काही हजार असेल तर तेच स्वस्त पडेल. मिठाचा कोअर खरा शोभतो तो छेद चपटा, वळणदार आणि बदलत्या रुंदीचा असेल तिथे, कारण तिथे नळीही वाकत नाही आणि वेल्डही पोहोचत नाही. तुमचं स्केच पाहता जॅकेटचा खालचा अर्धा भाग तसा आहे, वरचा नाही.

पुढच्या ट्रायलच्या आधी एवढं करा. कापलेल्या कास्टिंगमध्ये पापुद्रा दिसतो का ते पाहा. वीस पट्ट्या तोडून सर्वात हलकीचा आकडा लिहा. आणि ड्रॉइंगवर कोअरच्या प्रत्येक दोन आधारांमधलं अंतर मिमीमध्ये टाका. त्यातलं कुठलंही अंतर ५० च्या वर दिसलं तर नवीन मीठ मागवू नका, आधी तिथे खिडकी कुठे बसते ते हाउसिंगच्या डिझायनरसोबत बसून शोधा.